स्कोर्सबी सुंड: सप्टेंबरपुरतं उघडणारं पाणी

पूर्व ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर, ७० अंश उत्तर अक्षांशाच्या थोडं वर, स्कोर्सबी सुंड हा फियोर्ड आहे, म्हणजे हिमनदीने कोरलेल्या दरीत शिरलेला समुद्राचा लांब फाटा. तिथले लोक त्याला कांगेर्टिटिवाक म्हणतात. मुखापासून सर्वांत आतल्या टोकापर्यंतचं अंतर सुमारे ३५० किलोमीटर. जगातला हा सर्वांत मोठा फियोर्ड समजला जातो. ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबर संपेपर्यंत इथे शिडाची लहान जहाजं मोहिमेवर येतात. सोबत मोजके प्रवासी असतात. बुटक्या बर्चची आणि आर्क्टिक विलोची पानं तेव्हा लालपिवळी झालेली असतात, डास संपलेले असतात आणि रात्री पुन्हा काळोख्या होऊ लागल्याने ध्रुवप्रकाश दिसतो.

पण हे दिवस सौंदर्य पाहून निवडलेले नाहीत, ते बर्फाने ठरवून दिले आहेत. उत्तर ध्रुवीय महासागरातला बर्फ फ्राम सामुद्रधुनीतून बाहेर पडतो आणि पूर्व ग्रीनलंड प्रवाहाबरोबर याच किनाऱ्याला घासत दक्षिणेकडे वाहत येतो. बर्फाचा हा पट्टा जुलैपर्यंत फियोर्डचं तोंड अडवून धरतो. ऑगस्टमध्ये त्यात वाटा पडतात. सप्टेंबरच्या मध्याला आर्क्टिकमधला समुद्री बर्फ वर्षातला सर्वांत कमी असतो आणि त्यानंतर पाणी पुन्हा गोठायला लागतं. या किनाऱ्याचा सगळा लिखित इतिहास या थोड्या आठवड्यांत कोंबलेला आहे.

१८२२ मध्ये देवमाशांच्या शिकारीवर निघालेला विल्यम स्कोर्सबी ‘बॅफिन’ जहाज घेऊन इथे आला. शिकार सांभाळून त्याने किनाऱ्याचा नकाशा काढला. फियोर्डला वडिलांचं नाव दिलं, तेही नामांकित देवमासे-शिकारी होते. उत्तरेच्या भूभागाला त्याने एडिनबरोतले आपले प्राध्यापक रॉबर्ट जेम्सन यांच्यावरून जेम्सन लँड म्हटलं. नकाशावरची ही नावं आज सहज वाचली जातात. पण स्कोर्सबीला किनाऱ्यावर इन्युइटांची, म्हणजे आर्क्टिकमधल्या मूळ रहिवाशांची, घरंही सापडली होती, सोडून दिलेली. माणूस मात्र भेटला नाही. पुढच्याच वर्षी, १८२३ मध्ये, बऱ्याच उत्तरेला डग्लस क्लेव्हरिंग या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याला बारा इन्युइट भेटले. ईशान्य ग्रीनलंडमधल्या मूळ रहिवाशांशी बाहेरच्यांची ती पहिली आणि शेवटची भेट. म्हणून या प्रदेशाला कुणी ‘मानवस्पर्श न झालेला’ म्हणतं तेव्हा मला ते खटकतं. फियोर्डच्या काठावरच्या सिडकापजवळ थूले लोकांच्या, म्हणजे इन्युइटांच्या पूर्वजांच्या, घरांचे दगडी पाये आजही गवतात दिसतात. इथे माणसं राहिली, शिकार करून जगली आणि मग उरली नाहीत.

फियोर्डच्या आतल्या शाखा नकाशावर यायला आणखी सत्तर वर्षं गेली. डॅनिश नौदल अधिकारी कार्ल रायडर १८९१-९२ मध्ये डॅनमार्क बेटावर हिवाळाभर राहिला. ज्या बंदरात त्याने मुक्काम केला त्याला त्याच्या ‘हेक्ला’ जहाजाचं नाव मिळालं. आज स्कूनर, म्हणजे शिडाची जहाजं, फियोर्डमधल्या मिल्ने लँड या मोठ्या बेटाला वळसा घालतात, लाल खडकांच्या रोडे बेटाजवळ हिमनगांच्या गर्दीतून वाट काढतात, त्या जलमार्गांचा पहिला नीट अभ्यास त्याच्या मोहिमेचा.

आजचं एकमेव गाव, इत्तोक्कोर्टूर्मिट, मात्र राजकारणातून जन्मलं. पूर्व ग्रीनलंडवर डेन्मार्कप्रमाणे नॉर्वेचाही डोळा होता. एजनार मिकेल्सन या डॅनिश शोधकाने १९२४ मध्ये फियोर्डच्या मुखाशी घरं उभारली आणि १९२५ मध्ये मुख्यतः दक्षिणेच्या अम्मासालिकमधून इन्युइट कुटुंबं जहाजाने इथे आणली. अम्मासालिकमध्ये शिकार अपुरी पडत होती, इथे ती मुबलक होती, हे खरं. पण वस्ती असली की डेन्मार्कचा हक्क बळकट होईल, हाही हिशेब होता. नॉर्वेने १९३१ मध्ये उत्तरेचा पट्टा आपला जाहीर केला. १९३३ मध्ये हेगच्या न्यायालयाने निकाल डेन्मार्कच्या बाजूने दिला. त्या कुटुंबांचे वंशज तिथेच आहेत, गावात साडेतीनशेच्या आसपास माणसं राहतात.

शरदातला हा समुद्र किती विश्वासाचा, याची आठवण फ्रेंच शोधक जाँ-बाप्तिस्त शार्कोच्या नावाशी जोडलेली आहे. त्याचं ‘पुर्क्वा-पा?’ हे जहाज, म्हणजे ‘का नाही?’, नव्या वसाहतीत अनेकदा आलं होतं. १९३६ मध्ये ग्रीनलंडहून परतताना १६ सप्टेंबरला आइसलंडच्या किनाऱ्याजवळच्या खडकांवर वादळात ते फुटलं. शार्कोसह चाळीस जण गेले, एक वाचला.

१९७४ मध्ये फियोर्डच्या उत्तरेला राष्ट्रीय उद्यान झालं. आज ते सुमारे ९,७२,००० चौरस किलोमीटर आहे. १९८५ मध्ये एका तेल कंपनीने जेम्सन लँडवर धावपट्टी बांधली. तेल हाती लागलं नाही, पण धावपट्टी राहिली. बरेचसे प्रवासी आता आइसलंडहून विमानाने तिथे उतरतात आणि मग जहाजावर चढतात. जहाजंही अनेकदा जुनीच असतात. ‘ऑपल’ ही स्कूनर १९५१ मध्ये जर्मनीतल्या डामगार्टनला मासेमारीसाठी बांधली होती. तिला आता विजेची मोटर आहे आणि शिडावर चालताना पाण्याखालचा पंखा फिरून बॅटरी भरते.

सप्टेंबर सरताना ही जहाजं डेन्मार्क सामुद्रधुनी ओलांडून आइसलंडला परततात. गावातले शिकारी तेव्हा पाणी घट्ट गोठण्याची वाट पाहत असतात, कारण कुत्र्यांच्या घसरगाड्यांचे रस्ते त्यानंतरच सुरू होतात.