प्रयोगशाळेतला उंदीर आणि ‘प्रस्ताव ७१’: मूलपेशी संशोधनामागची घरं

मार्च २००२. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या प्रयोगशाळेत डॉन रीड यांनी एक उंदीर हातात घेतला. मणक्याच्या इजेनं तो लुळा पडला होता. मूलपेशींपासून तयार केलेल्या पेशी टोचल्यावर पुन्हा चालू लागला होता. त्यांचा मुलगा रोमन व्हीलचेअरवर बसून ते पाहत होता. १९९४ मध्ये कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल सामन्यात त्याची मान मोडली, तेव्हा तो १९ वर्षांचा होता. या बापलेकांनी कॅलिफोर्निया राज्याच्या विधिमंडळाचे उंबरठे झिजवले आणि १९९९ साली मणक्याच्या संशोधनाला राज्याचा निधी देणारा कायदा रोमनच्या नावानं झाला. त्या उंदराच्या मागे तोच निधी होता.

मूलपेशी, म्हणजे आपण रोज ज्यांना स्टेम सेल म्हणतो त्या, मानवी भ्रूणातून वेगळ्या करून वाढवणं १९९८ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या जेम्स थॉमसन यांना जमलं. शरीरातली कुठलीही पेशी होण्याची क्षमता त्यांच्यात असते. वंध्यत्वाच्या उपचारांत वापरले न गेलेले भ्रूण त्यासाठी घेतले जात आणि वादाचं मूळ तिथेच होतं. भ्रूण हाच जीव मानणाऱ्यांचा त्याला ठाम विरोध होता. ९ ऑगस्ट २००१ ला अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी जाहीर केलं, की तोवर तयार झालेल्या मूलपेशींवरच केंद्राचा पैसा खर्च होईल.

मग रुग्णांची घरं पुढे आली. घोड्यावरून पडून १९९५ पासून मानेखाली लुळे झालेले अभिनेते क्रिस्टोफर रीव्ह आधीपासूनच बोलत होते. पार्किन्सन झालेले अभिनेते मायकेल जे. फॉक्स बोलत होते. मे २००४ मध्ये माजी अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्या पत्नी नॅन्सी रेगन यांनी जाहीरपणे पाठिंबा दिला. पती अल्झायमरनं अंथरुणाला खिळलेले असताना त्यांनी स्वतःच्या पक्षाच्या अध्यक्षाविरुद्ध भूमिका घेतली, हे मला फार मोठं वाटतं. मात्र अल्झायमरवर मूलपेशींचा उपाय सहज सापडणार नाही, हे शास्त्रज्ञ तेव्हाही सांगत होते. दुखणाईताच्या घरात आशा वाढते तेव्हा असे बारकावे मागे पडतात.

कॅलिफोर्नियात रॉबर्ट क्लाइन या बांधकाम व्यावसायिकाच्या धाकट्या मुलाला टाइप १ मधुमेह होता आणि आईला अल्झायमर. त्यांनी थेट मतदारांकडे जायचं ठरवलं. राज्यातल्या मतदारांपुढे थेट मतदानासाठी ठेवलेल्या या प्रस्ताव ७१ नुसार राज्यानं मूलपेशी संशोधनासाठी रोखे काढून ३ अब्ज डॉलर उभे करायचे होते. मतदानाच्या तीन आठवडे आधी, १० ऑक्टोबर २००४ ला रीव्ह गेले. २ नोव्हेंबरला ५९ टक्के मतांनी प्रस्ताव संमत झाला.

पैशापेक्षाही महत्त्वाची तरतूद मला दुसरीच वाटते. निधी वाटणाऱ्या २९ जणांच्या मंडळात १० जागा रुग्णांची बाजू मांडणाऱ्यांसाठी राखून ठेवल्या होत्या. मधुमेह, पार्किन्सन, मणक्याची इजा, एड्स सोसणाऱ्यांच्या बाजूची माणसं कुलगुरूंच्या बरोबरीनं मत देऊ लागली. त्याआधी रुग्ण फार तर निवेदन घेऊन दाराशी उभा असे.

विरोधकांच्या खटल्यांमुळे २००७ पर्यंत रोखे अडून राहिले. आजारी माणसाच्या घरी अडीच वर्षं म्हणजे किती, हे वेगळं सांगायला नको.

आशेचा बाजारही याच काळात वाढला. आपल्याकडेही ‘स्टेम सेल थेरपी’च्या नावाखाली हतबल आईबापांकडून लाखो रुपये घेतले जातात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट लिहिलंय: रक्ताच्या विकारांवरचं मूलपेशी प्रत्यारोपण सोडलं तर बाकी सगळं अजून प्रयोग आहे. तो मंजूर चाचणीतच व्हावा आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेऊ नयेत.

अर्व्हाइनच्या त्या कामातून पुढे आलेल्या पेशी ऑक्टोबर २०१० मध्ये अटलांटात पहिल्यांदा माणसाला टोचल्या गेल्या. नोव्हेंबर २०११ मध्ये ही चाचणी करणाऱ्या कंपनीनं पैशाअभावी ती थांबवली. २०१४ मध्ये प्रस्ताव ७१ मधून उभ्या राहिलेल्या संस्थेनं दुसऱ्या कंपनीला १.४३ कोटी डॉलर देऊन ती पुन्हा सुरू करून दिली. २०२० मध्ये आणखी ५.५ अब्ज डॉलरसाठी प्रस्ताव १४ आला, तेव्हा तो जेमतेम ५१ टक्क्यांवर निभावला. चाचणीसाठी दूरवरून येणाऱ्या रुग्णांच्या खर्चाला हातभार लावण्याची सोय त्यात लिहिली गेली.