राष्ट्रीय उद्यान सेवा, अमेरिका : भागीदारी, स्वयंसेवा, शिक्षण आणि भटकंती

अमेरिकेतील राष्ट्रीय उद्याने, ऐतिहासिक वास्तू, रणभूमी आणि समुद्रकिनारे अशा चारशेहून अधिक स्थळांचा कारभार राष्ट्रीय उद्यान सेवा हे केंद्र सरकारचे खाते पाहते. २५ ऑगस्ट १९१६ च्या कायद्याने ते स्थापन झाले. लोकांना या जागांचा आनंद घेऊ द्यायचा, पण पुढच्या पिढ्यांसाठी त्या जशाच्या तशा राखायच्या, अशी दुहेरी जबाबदारी त्या कायद्याने टाकली. निव्वळ पगारी माणसांच्या बळावर ती पेलण्यासारखी नव्हती. त्यामुळे ना-नफा संस्था, ठेकेदार, शाळा आणि स्वयंसेवक यांना कामात घेण्याची पद्धत घडत गेली. देणगी कोणी मागायची, करवत कोणी धरायची, अपघात झाल्यास भरपाई कोणाकडून, हे सगळे कायद्यात आणि करारात लिहिलेले असते. घोटाळा बहुधा तिथे होतो, जिथे काही लिहायचे राहून गेलेले असते.

भागीदारी

उद्यानाभोवती तीन प्रकारचे भागीदार असतात आणि पर्यटक त्यांची सर्रास गल्लत करतात. पहिला प्रकार कोऑपरेटिंग असोसिएशनचा. माहिती केंद्रातले पुस्तके-नकाशांचे दुकान ही ना-नफा संस्था चालवते आणि शिल्लक त्या उद्यानाच्या शैक्षणिक कामाला देते. कॅलिफोर्नियातील योसेमिटी उद्यानात अशी संस्था १९२३ पासून आहे. दुसरा प्रकार देणग्या गोळा करणाऱ्या मित्रसंस्थांचा. आपणहून दिलेली देणगी उद्यान सेवेला स्वीकारता येते, पण सर्वसाधारण कर्मचाऱ्याला ती मागता येत नाही. ते काम मित्रसंस्थेचे. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या गोल्डन गेट परिसरात १९८१ साली स्थापन झालेली संस्था निधीखेरीज देशी वनस्पतींच्या रोपवाटिका आणि स्वयंसेवकांच्या कामाचाही भार उचलते. देशपातळीवर नॅशनल पार्क फाउंडेशन ही संस्था १९६७ पासून निधी उभारण्याचे हेच काम करते.

तिसरा प्रकार नफ्यासाठी येणाऱ्यांचा : हॉटेले, उपाहारगृहे, घोडे, होड्या. १९९८ च्या कायद्यानुसार असा ठेका साधारणपणे दहा वर्षांपर्यंत आणि फार तर वीस वर्षांसाठी दिला जातो. गिर्यारोहणाचे वाटाडे, छायाचित्रण कार्यशाळा अशा लहान व्यवसायांना दोन वर्षांपर्यंतचा साधा परवाना पुरतो. ठेका संपताना कोणती वस्तू कोणाची, हे स्पष्ट नसेल तर काय होते ते योसेमिटीत दिसले. जुन्या ठेकेदाराने ‘आवानी’ हॉटेल, ‘करी व्हिलेज’ अशी जुनी नावेच ट्रेडमार्क म्हणून नोंदवून ठेवली होती. २०१६ मध्ये ठेकेदार बदलला तेव्हा पाट्या उतरवून वास्तूंना नवी नावे द्यावी लागली. २०१९ मध्ये १.२ कोटी डॉलरची तडजोड झाली आणि जुनी नावे परतली.

स्वयंसेवा

१९५५ साली एलिझाबेथ कुशमन या विद्यार्थिनीने आपल्या महाविद्यालयीन प्रबंधात विद्यार्थ्यांनी उद्यानांत काम करावे अशी योजना मांडली आणि १९५७ मध्ये ऑलिंपिक व ग्रँड टीटन उद्यानांत पहिल्या तुकड्या दाखलही झाल्या. उद्यान सेवेला स्वतः स्वयंसेवक नेमण्याचा अधिकार मात्र १९७० च्या कायद्याने मिळाला. त्याच्या अटी आजही कामाची चौकट ठरवतात : पगारी कर्मचाऱ्याला हटवून त्याच्या जागी स्वयंसेवक नेमायचा नाही, पोलिसी काम आणि धोरण ठरवण्याचे काम त्याला द्यायचे नाही, धोक्याचे कामही अंगी ते कौशल्य असल्याखेरीज नाही. मानधन नसते. प्रवास, गणवेश, निवास असा किरकोळ खर्च भरून देता येतो.

काम सुरू होण्याआधी लेखी करार होतो. त्यात कामाचे वर्णन, वेळ आणि देखरेख करणाऱ्याचे नाव असते. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती लागते. हे वर्णन नेमके लिहिणे ही केवळ कागदी बाब नाही. नेमून दिलेले काम करताना इजा झाली तर स्वयंसेवकाला केंद्रीय कर्मचाऱ्याप्रमाणे भरपाईचे संरक्षण मिळते. ‘माहिती केंद्रात मदत’ असा करार असलेला माणूस उत्साहाने पडलेले झाड कापायला गेला, तर तो त्या संरक्षणाबाहेर जातो. यांत्रिक किंवा हाताची मोठी करवत वापरायला प्रमाणपत्र आणि प्रथमोपचाराचे प्रशिक्षण हवे. १९६४ च्या कायद्याने राखलेल्या निर्मनुष्य रानांत सहसा मोटरचे हत्यार चालत नाही, म्हणून तिथे दोघांनी ओढायची जुनी आडकरवत अजून वापरात आहे.

पायवाटांची डागडुजी हे स्वयंसेवकांचे सर्वांत मोठे आणि सर्वांत जास्त चुकणारे काम. वाटेचा खरा शत्रू पाणी आहे. पावले त्यानंतर येतात. वाटेचा चढ सरासरी दहा टक्क्यांच्या आत आणि डोंगरउताराच्या निम्म्याहून कमी ठेवतात. नाहीतर पाणी आडवे निघून न जाता वाटेनेच धावते आणि घळ पाडते. वाटेला बाहेरच्या कडेकडे किंचित उतार देतात. नवखे हात वाट सपाट करतात, काढलेली माती बाहेरच्या कडेला रचून ठेवतात आणि तिथे बांध तयार होऊन पाणी अडते. अवजार चालवणाऱ्या दोघांत दहा फुटांचे अंतर ठेवायचे, हा नियमही पहिल्याच तासात मोडला जातो. म्हणून पुढे अनुभवी मुकादम लागतोच. फुकट हातांना पगारी डोके लागते. समन्वयकाचे पद रिकामे राहिले की पहिल्यांदा स्वयंसेवा ढासळते, हे अंदाजपत्रक करणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही.

अपालाचियन ट्रेल हे या पद्धतीचे टोकाचे उदाहरण. चौदा राज्यांतून जाणारी, सुमारे ३,५०० किलोमीटरची ही वाट बेंटन मॅकाय यांनी १९२१ मध्ये सुचवली आणि १९३७ मध्ये ती सलग जोडली गेली. १९८४ मध्ये उद्यान सेवेने तिच्या दैनंदिन व्यवस्थापनाची बरीचशी जबाबदारी करारान्वये एका ना-नफा संस्थेकडे सोपवली. त्या संस्थेशी जोडलेले तीसएक क्लब आपापला टप्पा सांभाळतात. झाडांवरच्या दोन इंच रुंद, सहा इंच उंच पांढऱ्या खुणाही तेच रंगवतात.

वर्षानुवर्षे मिळून २५० तास भरणाऱ्या स्वयंसेवकाला केंद्रीय जमिनींवरील प्रवेशाचा वार्षिक पास मिळतो.

शिक्षण

लहान मुलांसाठी ‘ज्युनिअर रेंजर’ पुस्तिका असते. वयानुसार ठरलेले उपक्रम पूर्ण करायचे, रेंजरला म्हणजे उद्यानाच्या कर्मचाऱ्याला दाखवायचे, शपथ घ्यायची आणि बिल्ला मिळवायचा. चौथीच्या मुलांना वर्षभराचा मोफत पास देण्याची योजना २०१५ पासून आहे. शाळांना प्रवेशशुल्कात सूट आपोआप मिळत नाही. भेट अभ्यासक्रमाशी निगडित असल्याचे दाखवून आधी अर्ज करावा लागतो. वर्गातला पूर्वपाठ, प्रत्यक्ष भेट आणि परतल्यावरचा पाठ या तिन्हींची जोडणी झाली तरच सहलीतून काही हाती लागते. पहिला आणि शेवटचा पाठ बहुतेकदा गळतो.

भटकंती

२००४ च्या कायद्यानुसार पर्यटकांकडून गोळा झालेल्या शुल्कापैकी किमान ८० टक्के रक्कम साधारणतः त्याच स्थळी खर्च होते. गर्दीवरचा उपाय म्हणजे परवाना. योसेमिटीतील हाफ डोमच्या कड्यावर लोखंडी दोर धरून चढतात. तिथे धोकादायक गर्दी होऊ लागल्यावर २०१० पासून परवाने आले. आता दिवसाला सुमारे ३०० जणांना वर जाता येते : साधारण २२५ एका दिवसात परतणारे, ७५ मुक्कामी. मुख्य सोडत मार्चमध्ये निघते आणि उरलेले परवाने दोन दिवस आधीच्या सोडतीत वाटले जातात. झायन उद्यानातील एंजल्स लँडिंग या कड्यावर जाण्यासाठी अशीच सोडत १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली.

रानात मुक्काम करणाऱ्यांना परवान्याबरोबर ‘लीव्ह नो ट्रेस’ची, म्हणजे मागे खूण न ठेवण्याची, सात तत्त्वे समजावतात. शौचासाठी पाण्यापासून सुमारे ६० मीटर लांब, सहा ते आठ इंच खोल खड्डा करायचा. अस्वलांच्या भागात अन्न, टूथपेस्ट आणि वासाचे सारे काही कडक डब्यात बंद करून तंबूपासून दूर ठेवायचे. झाडाला टांगलेली पिशवी योसेमिटीतली अस्वले सहज उतरवतात, म्हणून तिथल्या रानात डबा सक्तीचा आहे.