काळी माती म्हणजे ज्वालामुखीची राख नव्हे

‘आपली काळी माती म्हणजे ज्वालामुखीची राख’ हे वाक्य शाळेपासून कानावर पडतं. ते चूक आहे, आणि ही चूक दुरुस्त व्हायलाच हवी.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर प्रामुख्याने लाव्हा वाहिला. तो थिजून काळा पाषाण झाला. पाषाण कुजून मुरूम झाला, मुरमाची माती झाली, आणि भीमा-गोदावरीच्या खोऱ्यांत ती खोल साचली. इथे पाऊस कमी, म्हणून चुना आणि मॅग्नेशियम वाहून गेलं नाही. त्यातूनच पाणी पिऊन फुगणारी चिकणमाती तयार झाली. तोच पाषाण महाबळेश्वरच्या धुवाधार पावसात जांभा झाला! म्हणजे खडक एकच, फरक केला तो पावसाने.

राखेची माती हातात घेतली की हलकी आणि भुसभुशीत लागते, स्फुरद (फॉस्फरस) घट्ट धरून ठेवते. जपानमध्ये ती भरपूर आहे. आपली माती याच्या उलट. मे महिन्यात भेगेत कोपरापर्यंत हात जातो, आणि जुलैत वाफसा येण्याआधी, म्हणजे जमीन पुरेशी सुकण्याआधी, शेतात पाय टाकला तर वहाण तिथेच राहते. काळा रंग बघून खत भरपूर असेल असंही समजू नका. सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून मातीत आलेला कार्बन, बहुधा १ टक्क्याहून कमीच निघतो.

खरी राख बघायचीच असेल तर पुणे जिल्ह्यात कुकडीकाठी बोरीला जा. तिथे नदीच्या गाळात राखेचा फिकट थर दिसतो. ती सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची मानली जाते.