काचेच्या पेटीतल्या बाळाला विरजण कशाचं?

"एवढंच. दह्यावरचं पाणी. जिभेला नुसतं लावायचं, पोट धरील की पोराचं." कुंभारीच्या विडी घरकुलातल्या आजींनी वाटीत करंगळी बुडवून मला दाखवली. पोर म्हणजे त्यांचा नातू. तिसाव्या आठवड्यात जन्मलेला, १२०० ग्रॅमचा, मुक्काम सोलापुरातल्या एका दवाखान्यात, काचेच्या पेटीत. वाटी बघून सिस्टरनं आजींना बाहेर काढलं. आणि त्याच दिवशी सुनेनं बाळाच्या कागदावर 'प्रोबायोटिक', म्हणजे मुद्दाम पाजायचे उपयोगी जंतू, असं वाचलं. आजींनी मला विचारलं, "त्यांचं जंतू चालतंय, आमचं दही चालंना?"

प्रश्न बिनतोड आहे.

बाळाचं आतडं जन्मताना जवळजवळ रिकामं असतं. मग जंतू येतात, आणि आधी कोण येतं यावर पुढचं बरंच ठरतं. पूर्ण दिवसांच्या, अंगावर पिणाऱ्या बाळात बहुधा बिफिडोबॅक्टेरिया बस्तान बसवतात. बेचकीच्या आकाराचे हे जंतू पॅरिसमध्ये आंरी तिसिए यांना १८९९ च्या सुमारास अशाच बाळांच्या शीमध्ये सापडले. त्यांचं खाणं आईच्या दुधातच असतं. दुधात सुमारे २०० प्रकारच्या अशा शर्करा आहेत, ज्या बाळाला स्वतःला पचतच नाहीत. आई एका घोटात बाळालाही पाजते आणि त्याच्या जंतूंनाही. जंतू त्या खाऊन आम्ल तयार करतात, आणि त्या आंबटपणात बऱ्याच घातक जंतूंचं फारसं काही चालत नाही.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं सगळंच वेगळं. बऱ्याचदा सिझेरियन, लगेच अँटिबायोटिक, दूध नळीनं. आतड्यात पहिले शिरतात ते वॉर्डातले क्लेबसिएलासारखे जंतू. आतड्याचं अस्तर पातळ, हालचाल मंद, आणि प्रतिकारशक्ती अशी की उंदीर मारायला घर पेटवावं. मग बाळ जरा दूध घ्यायला लागलंय, सगळे निवांत आहेत, अशा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पोट टम्म फुगतं, हिरवी उलटी होते, शीत रक्त दिसतं. एक्स-रेत आतड्याच्या भिंतीतच हवेचे बुडबुडे. डॉक्टर याला एनईसी म्हणतात. आतड्याचा भाग अक्षरशः मरू लागतो. १५०० ग्रॅमच्या आतल्या शंभरातल्या साधारण ५ ते १० बाळांना हा आजार गाठतो आणि त्यातली २० ते ३० टक्के दगावतात.

म्हणून निवडक जंतू बाहेरून देण्याची कल्पना. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये सुमारे ११०० बाळांवर तीन जंतूंचं मिश्रण वापरलं, तेव्हा एनईसीचं प्रमाण ४.४ वरून २ टक्क्यांवर आलं. इंग्लंडमध्ये १३०० बाळांना बिफिडोबॅक्टेरियमचाच दुसरा वाण दिला, फरक शून्य. एका घरचं विरजण दुसरीकडे लागत नाही, तसंच. ओडिशाच्या चाचणीचा दाखलाही फार दिला जातो. ४५०० हून अधिक बाळं, जंतुसंसर्ग आणि मृत्यू ९ वरून ५.४ टक्क्यांवर, काम खरंच मोठं. पण ती बाळं २ किलोच्या पुढची, धडधाकट होती. १२०० ग्रॅमच्या बाळासाठी तो दाखला देणाऱ्यांचा मला राग येतो.

धोकाही आहे. २०२३ मध्ये अमेरिकेत एक किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला दिलेला जंतूच रक्तात शिरला आणि बाळ गेलं. त्याआधी २०१४ मध्ये अशाच एका प्रोबायोटिक पावडरीत चक्क बुरशी निघाली होती.

आजींचं उत्तर इथंच आहे. दह्यात दुधाला विरजणारे जंतू असतात, बाळाच्या आतड्यात मुक्काम करणारे नव्हेत. शिवाय सोबत आणखी कोण आहे, कुणी मोजलेलं नाही. सोलापूरच्या मे महिन्यात सकाळचं दही दुपारी आंबून कसं होतं, हे त्यांना मी काय सांगणार! मेडिकलमधलं प्रोबायोटिकचं पाकीट आणून स्वतःच पाजणं हाही तोच प्रकार.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये ३२ आठवड्यांच्या आतल्या बाळांसाठी प्रोबायोटिकचा विचार करता येईल असं म्हटलं, पण अट घातली: बाळ आईच्या किंवा दात्या आईच्या दुधावर हवं. मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ पासून दुधाची पेढी आहे ती याचसाठी. पेढीचं दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवतात. जंतू मरतात, त्या शर्करा मात्र टिकतात.

सून दर तीन तासांनी हातानं दूध काढते. पहिल्या दिवशी वाटीचा तळ जेमतेम ओला झाला, पिवळट चीक. सिस्टरनं तोही सिरिंजमध्ये ओढून घेतला, एक मिली भरला. आता नळीनं आठ मिली जातं. आजी डबा घेऊन येतात, आणि दही सुनेच्या भाकरीवर वाढतात.