गोंगाट वेगळा आणि घुमणं वेगळं, इम्प्लांटवाल्या पोरांसाठी तर फारच

दुसरीतल्या एका मुलाच्या बाई मला म्हणाल्या, "अहो मॅडम, माझ्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येते, तरी ह्याचे शुद्धलेखनात निम्मे शब्द चुकतात, मशीन तपासून घ्या त्याचं." मशीन म्हणजे कॉक्लिअर इम्प्लांट, ऐकू न येणाऱ्यांच्या कानात ऑपरेशन करून बसवतात ते. ते ठणठणीत होतं, सकाळीच आईने तोंड झाकून आ, ऊ, ई, म, श, स हे सहा आवाज काढले होते आणि पोराने सहाच्या सहा बरोबर म्हणून दाखवले होते. मग मधल्या सुट्टीत मी रिकाम्या वर्गात जाऊन एक टाळी वाजवली. टाळी वाजवून झाली तरी आवाज काही संपेना, वर स्लॅबखाली टणटणत राहिला.

बाईंचं खोटं नव्हतं, त्यांच्या वर्गात गोंगाट नव्हताच. वर्ग घुमत होता. आपण दोन्हीला सरसकट "आवाज फार आहे" म्हणतो तिथेच घोळ होतो. गोंगाट म्हणजे दुसऱ्याच कशाचा तरी आवाज, पंखा, शेजारच्या वर्गातले पाढे, पत्र्यावरचा पाऊस. आणि घुमणं म्हणजे बाईंचाच आवाज, भिंतीवर फरशीवर आपटून उशिरा परत आलेला, म्हणजे बाईंचा आधीचा शब्द बाईंच्याच पुढच्या शब्दावर जाऊन बसतो.

आता हे इम्प्लांटला इतकं का जड जातं ते बघा. चांगल्या कानात आवाज कानाच्या शिरेकडे (नर्व्हकडे) पोचवणाऱ्या केसपेशी साधारण साडेतीन हजार असतात, इम्प्लांटमध्ये त्यांच्या जागी कंपनीप्रमाणे १२ ते २२ इलेक्ट्रोड, म्हणजे करंट सोडणारे बारीक ठिपके, आणि आतल्या पाण्यात करंट इकडेतिकडे पसरतो त्यामुळे प्रत्यक्षात उपयोगाला येतात साधारण आठेक वेगळे मार्ग. घरी शांततेत तेवढं पुरतं, म्हणून पाहुणे म्हणतात, "अगं हा तर बराच झाला की!" पण आवाजाची पट्टी, जिच्यावरून आपण दोन माणसं एकदम बोलत असली तरी त्यातलं एक निवडतो, ती फार पुसट पोचते. शिवाय आपण ढोलाच्या दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत अर्धा शब्द पकडतो आणि उरलेला मनाने भरतो, "बा…रात जाऊन ये" ऐकलं की आपल्याला बाजार कळतो. इम्प्लांटवाल्या पोराला त्या फटीचा फायदा फारसा घेता येत नाही, आणि सात वर्षांच्या पोराकडे भरायला शब्दही कमीच असतात.

गोंगाटाचा हिशोब तसा सरळ आहे, बाईंचा आवाज गोंगाटापेक्षा किती डेसिबल वर आहे एवढंच बघायचं, ऐकायला अडचण असलेल्या मुलांसाठी साधारण १५ डेसिबल वर असावा म्हणतात. आणि मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो, म्हणून पहिला बाक. घुमण्याचा हिशोब मात्र सेकंदांत, म्हणजे आवाज थांबल्यावर तो ६० डेसिबलने खाली यायला किती वेळ लागतो. अमेरिकेतल्या स्टँडर्डप्रमाणे नेहमीच्या आकाराच्या रिकाम्या वर्गात हे ०.६ सेकंदाच्या वर जाऊ नये. हे मोजायला सुरुवात केली वॉलेस सबाइन या भौतिकशास्त्रज्ञाने, १८९५ साली हार्वर्डच्या नव्या लेक्चर हॉलमध्ये कुणाला काही कळेना म्हणून त्याला कामाला लावलं, तिथे शब्द साडेपाच सेकंद रेंगाळायचा. गड्याने रात्री जवळच्या थिएटरातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून हॉलमध्ये रचल्या आणि स्टॉपवॉच घेऊन मोजत बसला. गाद्या! उपाय अजून तोच आहे.

गंमत अशी की घुमणाऱ्या वर्गात मागच्या बाकावरसुद्धा आवाज मोठाच लागतो, कारण घुमणारा आवाज सगळीकडे जवळपास सारखाच भरलेला असतो, उतरतो तो फक्त बाईंच्या तोंडून थेट येणारा. म्हणजे आवाज पोचतो, शब्द पोचत नाहीत. त्या मुलाच्या वहीत मला "कपाट"चं "कटाट" दिसलं, "पाकीट"चं "पाटीट". बाई एकेक शब्द सुटा सांगत होत्या, त्यामुळे शांततेनंतर येणारं पहिलं अक्षर त्याला नीट मिळत होतं, मधल्या अक्षरावर मात्र आधीच्या स्वराचं शेपूट पडत होतं. अ आणि आ दणकट असतात हो, क, ट, प बिचारे क्षणभराचे.

पंख्यासारखी एकसुरी घरघर इम्प्लांटचा प्रोसेसर, म्हणजे बाहेर लावायचं यंत्र, बऱ्यापैकी दाबतो, मागून येणारा आवाजही दिशा ओळखणाऱ्या माईकने कमी होतो. पण घुमणं हे बोलणंच आहे आणि ते चहूबाजूंनी येतं, त्यातलं ठेवायचं काय आणि टाकायचं काय हे मशीनला ठरवता येत नाही. बाईंनी आवाज चढवला तर गोंगाटात थोडा उपयोग होतो, घुमणाऱ्या वर्गात शेपूटही तेवढंच चढतं. भिंतीवर स्पीकर लावणं तर मला चूकच वाटतं, घुमायला अजून माल मिळतो. तिथे सावकाश बोलायचं, दोन वाक्यांच्या मध्ये थांबायचं, आणि जमेल तिथे कापड. आम्ही जुने जाड पडदे, खाली सतरंज्या आणि मागच्या भिंतीवर कापडाचा सॉफ्टबोर्ड एवढंच केलं, टाळी लगेच बसली. (मुलं भरलेली असली की वर्ग आपोआप कमी घुमतो, म्हणून टाळी रिकाम्या वर्गात वाजवा.)

आणि गोंगाट अधिक घुमणं म्हणजे मंगल कार्यालय. दोन्ही एकत्र आले की त्रास नुसत्या बेरजेहून जास्त होतो. तिथे आत्याने हाक मारली आणि पोरगं वळलं नाही म्हणून सोमवारी "मॅपिंग (म्हणजे मशीनचं सेटिंग) वाढवून द्या" म्हणत येऊ नका, व्हॉल्यूम वाढवला की बँडही वाढतो.

दोन्हीवर चालणारी एकच गोष्ट, बाईंच्या कॉलरला लावायचा वायरलेस माईक. महाग आहे, कबूल. पण तोंडापासून वीतभर अंतरावर बाईंचा आवाज इतका वरचढ असतो की गोंगाटही आणि घुमणंही मागे पडतं, आणि तोच थेट प्रोसेसरमध्ये जातो. फक्त दुसऱ्या मुलाने उत्तर दिलं की ते त्यात येत नाही, बाईंनी परत म्हणावं लागतं. आणि सुट्टीत तो बंद करायचा असतो, हे आमच्या बाई पहिल्याच दिवशी विसरल्या. स्टाफरूममधून परत आल्या तर ह्याने विचारलं, "बाई, साबुदाणा वडा खारट झाला होता का?"