बंदर, जेटी की मरीना? खुंट मागवण्याआधी एवढं वाचा

सिंधुदुर्ग, गोवा आणि कारवारकडच्या ठेकेदारांचा, फॅब्रिकेटरांचा निरोप बहुतेक वेळा एकाच धाटणीचा असतो: ‘मरीनासाठी खुंट पाहिजेत, भाव कळवा.’ खुंट म्हणजे होडी-जहाजाचा दोर बांधायचा धक्क्यावरचा लोखंडी खांब, आणि आमची फाउंड्री ते ओतते. आम्ही उलट चार प्रश्न विचारतो आणि तिथेच चिडचिड सुरू होते. नुसत्या भावासाठी एवढी चौकशी कशाला, असं वाटणं साहजिक आहे. म्हणून हे पत्रक.

मरीना हा शब्द हल्ली निविदेत, नकाशावर, साध्या धक्क्याच्या पाटीवरही दिसतो. कामाच्या दृष्टीने मरीना म्हणजे लाटांपासून आडोसा असलेलं पाणी, त्यात तरंगते धक्के आणि प्रत्येक होडीला ठरलेली जागा. याट, स्पीडबोटी, हौशी होड्या तिथे मुक्कामाला असतात. पाणी, वीज, इंधन जागेवर मिळतं. कोचीला बोल्गाटीत आहे ती या अर्थाने मरीना. होड्यांच्या तळासाठी हा शब्द अमेरिकेत 1920 च्या दशकात रुळला. चेन्नईच्या मरीना बीचचं नाव त्याहून जुनं, 1880 च्या दशकात गव्हर्नर ग्रँट डफ यांनी दिलेलं. तिथे त्याचा अर्थ फक्त किनारा.

मालवणला आपण जिला जेटी म्हणतो ती काँक्रीटची, जागची न हलणारी. मुरगाव हे मोठ्या जहाजांचं बंदर. कारवारकडून कन्नडमध्ये येणाऱ्या मागणीत या सगळ्यांना सरसकट ‘बंदरु’ लिहिलेलं असतं, मराठीतही आपण तेच करतो. बोलताना चालतं, ओतकामाला चालत नाही.

कारण भरती-ओहोटी. गोवा-कारवारला उधाणाच्या दिवशी पाणी दोनेक मीटर चढतं-उतरतं, मुंबईकडे चार-पाच मीटर. तरंगता धक्का होडीबरोबरच वर-खाली होतो, त्यामुळे दोराची ओढ जवळपास आडवीच राहते. तिथे क्लीट, म्हणजे दोर गुंडाळायची दोन शिंगांची हलकी पट्टी, पुरते. पक्क्या जेटीवर तसं नाही. ओहोटीला होडी खाली जाते आणि दोर खुंटाला खाली खेचतो. भरतीला, विशेषतः रिकामी होडी उंच तरंगते तेव्हा, तोच दोर वर ओढतो आणि सगळा ताण फाउंडेशन बोल्टवर, म्हणजे खुंट काँक्रीटला धरून ठेवणाऱ्या बोल्टवर, येतो. मोठ्या बंदराचा हिशोब आणखी वेगळा: बंदरांच्या कामाचं भारतीय मानक आयएस 4651 प्रमाणे 2000 टनांच्या जहाजालाच 10 टनांची ओढ धरतात.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो एका चुकीत. नकाशावर ‘मरीना’ लिहिलंय म्हणून गिऱ्हाईक क्लीट मागवतं आणि जागा निघते पक्क्या जेटीची. तोवर पॅटर्न, म्हणजे ज्यावरून ओतकामाचा साचा करतात तो नमुना, तयार असतो, माल ओतून झालेला असतो, आणि काँक्रीटमधल्या बोल्टांचं अंतर आमच्या भोकांशी जुळत नाही. भोक मोठं करून बसवू असं साइटवर सुचवलं जातं. ते करू नका, कडेचं लोखंड कमी होऊन तडा तिथूनच जातो. नवा पॅटर्न, नवं मोल्डिंग म्हणजे दोन-तीन आठवडे गेले.

म्हणून नाव काहीही लिहा, पण सोबत एवढं पाठवा: धक्का तरंगता की पक्का, सगळ्यात मोठ्या होडीची लांबी आणि भरलेलं वजन, आणि बोल्ट आधीच बसवले असतील तर त्यांचं केंद्र ते केंद्र अंतर. टेप धरून काढलेला मोबाइलवरचा फोटो असला तरी पुरे. पॅटर्नला हात लावण्याआधी आम्ही भोकांचा प्लायवूडचा साचा पाठवतो. तो बोल्टांवर ठेवून बघा, बसला की कळवा, मगच ओततो. यात दोन दिवस जातात, पण ते सोडायला आम्ही तयार नाही.

आमचा भाव साध्या बिडाच्या खुंटापेक्षा जास्त आहे, हेही विचारलं जातं. साधं बीड झटका बसला की पूर्वसूचना न देता तुटतं. आम्ही एसजी (स्फेरॉइडल ग्रॅफाइट) लोखंड ओततो. मॅग्नेशियममुळे त्यातलं ग्रॅफाइट गोळ्यांसारखं होतं, आणि ताण वाढला तर ते तुटण्याआधी वाकतं. वरून गरम जस्ताचा थर देतो. खाऱ्या पाण्यात स्टेनलेसचे बोल्ट थेट लावू नका, त्यांच्याजवळचं जस्त आणि लोखंड लवकर खातं. इन्सुलेटिंग वॉशर मागितले तर मालासोबत देतो.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते आणि जेटीची कामं नारळी पौर्णिमेनंतर जोर धरतात. त्या वेळी सगळ्यांची मागणी एकदम येते. जूनमध्ये मापं पाठवलीत तर पावसाळ्यात पॅटर्न उरकतो आणि माल वेळेत आंबोली घाट उतरतो. बेळगावला उद्यमबागेत आलात तर खुंट आणि क्लीट दोन्हींचे नमुने ठेवलेले आहेत, हातात घेऊन बघता येतील.