हिवाळ्यात डोंगरावर जायची खोड

डिसेंबर-जानेवारीत पुण्या-मुंबईहून काश्मीरला निघालेल्या जोडप्यांचा एक ठरलेला थांबा म्हणजे टनमर्ग. गुलमर्गचा चढ सुरू व्हायच्या आधी इथे गाडी थांबते, चाकांना साखळ्या बांधल्या जातात आणि भाड्याचे गमबूट, लांब कोट अंगावर चढतात. वर पोचल्यावर बहुतेकदा दोघांपैकी एक जण पायाला स्की बांधून घसरायला, खरं तर पडायला, शिकतो आणि दुसरं माणूस हातात फोन धरून बाजूला उभं राहतं. बर्फातल्या सुट्टीच्या इतिहासातलं एक गाजलेलं जोडपंही असंच होतं.

१८९३ साली शेरलॉक होम्सचे लेखक आर्थर कॉनन डॉयल यांच्या पत्नी लुईझा यांना क्षय झाल्याचं निदान झालं. हाती काही महिनेच आहेत, असं डॉक्टरांचं मत पडलं. डॉयल त्यांना घेऊन स्वित्झर्लंडमधल्या दावोसला गेले. आपल्याकडे पुढे पाचगणीची हवा क्षयाला चांगली म्हणून माणसं तिकडे जाऊ लागली, तसाच हा हवापालट, फक्त ऐन थंडीतला. दावोसला ही रीत तेव्हा तीसेक वर्षांचीच होती. अलेक्झांडर स्पेंग्लर या डॉक्टरांच्या भरवशावर १८६५ च्या फेब्रुवारीत दोन जर्मन रुग्ण तिथे येऊन राहिले, त्या सुमारापर्यंत हिवाळ्यात आल्प्समध्ये मुद्दाम येऊन राहायचं कुणाच्या डोक्यात नसे. बर्फ पडायला लागलं की पाहुणे खाली उतरत आणि हॉटेलांना कुलपं लागत.

शेजारच्या सेंट मॉरित्झची कथा जास्त रंगवून सांगितली जाते. १८६४ च्या उन्हाळी मोसमाच्या शेवटी योहानेस बाद्रुट या हॉटेलमालकाने आपल्या इंग्रज पाहुण्यांशी पैज लावली म्हणे: हिवाळ्यात येऊन बघा, नाही आवडलं तर प्रवासखर्च माझा. पाहुणे नाताळला आले आणि थेट ईस्टरला परतले, तेही उन्हाने रापून. थोडं तिखटमीठ वगळलं तरी एवढं उरतं की हॉटेलवाल्यांना एका वर्षात दोन सीझन सापडले.

डॉयल काही गॅलरीत ब्लँकेट पांघरून बसणारे गृहस्थ नव्हते. त्यांनी नॉर्वेहून स्की मागवल्या. नॉर्वेत ही जाण्यायेण्याची जुनी सोय. टेलेमार्कच्या सोंद्रे नोरहाइमसारख्यांनी एकोणिसाव्या शतकात टाच घट्ट बांधून वळणं घेण्याचं तंत्र बसवलं आणि त्याचा खेळ झाला. दावोसला मात्र स्की हे नवलच होतं. २३ मार्च १८९४ रोजी डॉयल स्थानिक ब्रांगर बंधूंबरोबर माइनफेल्डर फुर्का ही खिंड ओलांडून अरोसाला गेले. एका तीव्र उतारावर स्की काढून बसल्या बसल्याच घसरावं लागलं. ‘हॅरिस ट्वीड कधी विरत नाही’ अशी हमी त्यांच्या शिंप्याने दिली होती. त्याचे नमुने खिंडीपासून अरोसापर्यंत सापडतील, असं त्यांनी नंतर मजेत लिहिलं. अरोसाच्या हॉटेलात नोंदवहीत त्यांच्या नावापुढे व्यवसाय लिहिला गेला ‘स्पोर्ट्समन’. एक दिवस शेकडो इंग्रज स्कीसाठी इथे येतील, हे त्यांचं भाकीतही खरं ठरलं. लुईझांच्या फुप्फुसांना हा खेळ झेपणारा नव्हताच. पण त्या १९०६ पर्यंत जगल्या.

त्या इंग्रजांना आल्प्समध्ये आणणारा माणूस आपल्याकडून गेलेला होता. हेन्री लन हा मद्रास इलाख्यात आलेला मिशनरी डॉक्टर. इथे तो वर्षभरच टिकला, मायदेशी परतून सहली नेण्याच्या धंद्यात शिरला. मुलगा आर्नल्ड १८८८ मध्ये मद्रासलाच जन्मला, आणि १९२२ साली स्वित्झर्लंडच्या म्युरेनमध्ये आधुनिक स्लालम, म्हणजे खुणेच्या काठ्यांमधून वळणं घेत उतरायची, शर्यत भरवली ती त्यानेच. त्याआधी, १९११ साली, स्वित्झर्लंडमधल्याच माँटानाला झालेल्या उतारशर्यतीच्या करंडकाला नाव होतं लॉर्ड रॉबर्ट्स ऑफ कंदाहार यांचं. अफगाणिस्तानातल्या मैवंदला इंग्रजांचा पराभव झाल्यावर १८८० मध्ये काबूलहून कंदाहारकडे कूच केलेले तेच सेनापती. मैवंदच्या रणात मुंबई फौजेच्या पलटणी होत्या आणि शेरलॉक होम्सचा डॉक्टर वॉटसनही तिथेच जखमी झालेला! आल्प्सच्या उतारांवर ‘कंदाहार’ हे नाव आजही चालतं.

तरीही अर्धा दिवस चढायचं आणि काही मिनिटांत उतरायचं, हा हिशेब हौशी जोडप्याला परवडणारा नव्हता. तो लिफ्टने बदलला. १९३४ च्या नाताळात दावोसला ओढलिफ्ट सुरू झाली. पुढे तिच्या टी-आकाराच्या दांड्याला टेकून दोघांना शेजारी-शेजारी वर जाता येऊ लागलं. १९३६ साली अमेरिकेत सन व्हॅलीला खुर्चीची लिफ्ट आली, ती बसवणाऱ्या रेल्वे कंपनीच्या इंजिनीअरला कल्पना सुचली जहाजात केळ्यांचे घड चढवणाऱ्या यंत्रावरून. घडाच्या जागी माणूस.

गुलमर्गमध्ये सीझन असाच उलटला, उशिरा. साहेबलोक इथे उन्हाळ्यात गॉल्फला येत. १९२७ साली लष्करी अधिकाऱ्यांनी स्की क्लब ऑफ इंडिया काढला, आणि नाताळ व ईस्टरला त्यांचे मेळावे भरू लागले. फाळणीनंतर ते संपलं. १९४८ च्या अखेरीस भारतीय सैन्याने बर्फातल्या लढाईसाठी स्की शाळा काढली, साठच्या दशकाच्या शेवटी नागरिकांसाठी प्रशिक्षण संस्था आली. आपल्यासारख्यांचा प्रश्न सुटला तो १९९८ साली. फ्रेंच बनावटीच्या गंडोलाचा, म्हणजे तारेवरून डबे नेणाऱ्या रोपवेचा, पहिला टप्पा, दहशतवादाच्या काळात रखडून, मधल्या कोंगदूरी स्थानकापर्यंत सुरू झाला. २००५ मध्ये दुसरा टप्पा अफरवट शिखराच्या खांद्यापर्यंत, जवळपास ३,९५० मीटरवर, पोचला. आता स्कीचा ‘स’ न येणारी नवराबायकोही डब्यात बसून बर्फात जातात, आणि गुलमर्गचा थंडीतला धंदा बराचसा त्यांच्यावर चालतो.

२१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस म्हणजे काश्मिरी माणसाचा ‘चिल्ला-इ-कलान’, कडाक्याची थंडी. २०२४ च्या जानेवारीत ते जवळजवळ कोरडे गेले. गुलमर्गच्या गॉल्फच्या मैदानावर गवत उघडं पडलं होतं, बुकिंगं रद्द होत होती. बर्फ आलं ते महिना संपता संपता, आणि तिथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा २१ फेब्रुवारीला सुरू झाल्या.